एटी-फाइव्ह वन-पॉइंट-टू लेन्स घ्यावी का? कोल्हापूरच्या एका स्टुडिओचं प्रकरण

माझा मावसभाऊ कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढतो. मी पुण्यात असते, लहान मुलांचे आणि घरगुती पोर्ट्रेट काढते. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी त्याचा फोन आला.

“ताई, एटी-फाइव्ह वन-पॉइंट-टू घ्यायचं म्हणतोय. दुकानदार दोन चाळीसला देतो म्हणाला. चाळीस रोख, बाकी अठरा हप्ते. तू एकदा हो म्हण, दसऱ्याला घेऊन टाकतो बघ.”

दोन चाळीस म्हणजे २ लाख ४० हजार रुपये. लेन्स निकॉनची, झेड माउंटची (निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांना बसणारी), ८५ मिलिमीटर एफ/१.२ एस. एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, जास्त उघडतं. त्याच्याकडे ८५ची एफ/१.८ एस आधीपासून आहे. शिवाय दोन झेड ६ टू कॅमेरा बॉडी, २४-७० एफ/२.८ आणि ७०-२०० एफ/२.८. म्हणजे पोर्ट्रेटसाठी लेन्स नाही म्हणून अडलंय, असं काही नव्हतं. चांगली लेन्स बॅगेत असताना तिच्या वरची घ्यायला एवढी रक्कम घालायची का, एवढाच प्रश्न होता.

हा प्रश्न मला दर हंगामाआधी कुणी ना कुणी विचारतं. कंपनी कोणतीही असो, जोडी ठरलेली असते. कॅननमध्ये ८५ एफ/२ आणि ८५ एफ/१.२, सोनीत ८५ एफ/१.८ आणि ८५ एफ/१.४ जी मास्टर. म्हणून आम्ही दोघांनी काय काय केलं ते सगळं लिहून काढते आहे. त्यालाही ते चालणार आहे.

मी त्याला म्हटलं, “पैसे भरू नकोस अजून. मागच्या वर्षीचे फोटो असलेली हार्ड डिस्क घेऊन पुण्याला ये.”

आधी जुने फोटो

आला तेव्हा पहिला प्रश्न मी लेन्सबद्दल विचारलाच नाही. “तुझ्या फोटोंत काय कमी पडतंय?”

“ते प्रीमियम दिसत नाही गं. सगळं बरोबर असतं, पण उठून दिसत नाही.”

“कुणाचे उठून दिसतात ते दाखव.”

त्याने मोबाइलवर जपून ठेवलेले दहा फोटो दाखवले. आम्ही एकेक मोठा करून नवरीच्या डोळ्यांतली चमक बघायला लागलो. बुबुळावर पडलेला पांढरा ठिपका फोटोचा प्रकाश कुठून आला ते सांगून टाकतो. ठिपका उभा चौकोनी असेल तर खिडकी, अष्टकोनी असेल तर ऑक्टाबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी आठ कोनी पेटी), आणि कपाळाखाली डोळे काळवंडलेले असतील तर डोक्यावरची हॅलोजन. दहापैकी सहा फोटोंत एका बाजूने आलेला मोठा मऊ प्रकाश होता, खिडकीचा नाहीतर सॉफ्टबॉक्सचा. दोन फोटो लांबच्या फोकल लेंग्थचे (लेन्सच्या नावातला मिलिमीटरचा आकडा मोठा) होते, मागचे डोंगर जवळ ओढल्यासारखे दिसत होते. उरलेल्या दोनांत खरोखरच ती गोष्ट होती: माणूस पूर्ण उंचीचा, कडा कोरलेल्या, आणि मागची गर्दी विरघळलेली. उघड्या अ‍ॅपर्चरची मोठी लेन्स लावल्याशिवाय तसं होत नाही.

दहापैकी दोन. हे त्याने स्वतः मोजलं म्हणून त्याला पटलं. मी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मग हार्ड डिस्क उघडली. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटाचा (फोटोसोबत साठलेल्या माहितीचा) फिल्टर लावला की लेन्स आणि अ‍ॅपर्चर यांप्रमाणे फोटो वेगळे होतात, दहा मिनिटांचं काम आहे. वर्षभरात ग्राहकांना दिलेल्या फोटोंपैकी ८५ने काढलेले १,९००च्या आसपास निघाले. त्यात पूर्ण उघड्या एफ/१.८वर काढलेले साधारण साडेतीनशे. बाकी सगळे एफ/२.२ ते एफ/४च्या मध्ये. म्हणजे हातात असलेली लेन्सही तो बहुतेक वेळा पूर्ण उघडत नव्हता, आणि ते योग्यच करत होता. का, ते पुढे नथीच्या निमित्ताने येईलच.

त्या साडेतीनशे फोटोंवर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. प्रत्येक फोटोपुढे एकच प्रश्न: इथे अजून उघडता आलं असतं तर फोटो सुधारला असता का? उत्तर त्याचं त्याने द्यायचं, मी गप्प बसायचं. सत्तर फोटोंना त्याने हो म्हटलं. मी त्या सत्तरांच्या तारखा लावून बघितल्या. ते सगळे मिळून नऊ दिवसांत काढलेले होते. हा नऊचा आकडा लक्षात ठेवा.

काचेचं गणित

दोन्ही लेन्स समोरासमोर ठेवून बघण्याची सोय त्या दिवशी नव्हती, पण कागदावर बरंच कळतं. एफ/१.८ एस निकॉनने २०१९मध्ये आणली: वजन ४७० ग्रॅम, ६७ मिलिमीटरचा फिल्टर, ९ पात्यांचं अ‍ॅपर्चर. एफ/१.२ एस २०२३मध्ये आली: वजन १,१६० ग्रॅम, फिल्टर ८२ मिलिमीटर, पाती ११. अमेरिकेत बाजारात येताना पहिलीची किंमत सुमारे ८०० डॉलर होती, दुसरीची सुमारे २,८००. प्रकाश किती जास्त मिळतो ते १.८ला १.२ने भागून वर्ग केला की कळतं: सव्वादोन पट. किंमत साडेतीन पट, वजन अडीच पट, प्रकाश सव्वादोन पट. स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) सांगायचं तर एकाहून थोडा जास्त.

प्रकाशासाठी आज कुणी ही लेन्स घेत नाही असं म्हणता येईल, पुढे येणारा तालमीतला अपवाद सोडून. एके काळी मात्र पोर्ट्रेट लेन्सचा सगळा खेळ प्रकाशाचाच होता. १८४०मध्ये व्हिएन्नात योसेफ पेट्झवालने खास पोर्ट्रेटसाठी जी लेन्स आखली ती सुमारे एफ/३.६ची होती, आणि तिच्याआधीच्या लेन्स एफ/१५च्या घरातल्या. माणसाने कित्येक मिनिटं मान न हलवता बसायचं, ते एकदम मिनिटाच्या आत आलं. तिथे जास्तीची काच म्हणजे पोर्ट्रेट होणं आणि न होणं यांतला फरक होता. आजच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एक स्टॉप आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवून भागतं. म्हणून आज पैसे प्रामुख्याने धूसर पार्श्वभूमीचे मोजले जातात, आणि ती धूसरता किती मिळते हे मोजायला एक सोपी रीत आहे.

फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागा. ८५ भागिले १.२ म्हणजे ७१ मिलिमीटर. ८५ भागिले १.८ म्हणजे ४७ मिलिमीटर. प्रकाश आत येण्यासाठी लेन्सला पडलेलं हे भोक. आता गंमत बघा: खूप लांबचा एखादा दिवा फोटोत जो गोल ठिपका होऊन येतो, तो चेहऱ्याच्या पातळीवर मोजला तर बरोबर एवढ्याच व्यासाचा असतो. माणसाचा चेहरा साधारण १५ सेंटिमीटर रुंद. म्हणजे एफ/१.२ने मागचा दिवा चेहऱ्याच्या जवळजवळ निम्मा दिसेल, एफ/१.८ने एक तृतीयांश. फरक आहे, डोळ्यांना दिसेल एवढा आहे.

पण हाच भागाकार त्याच्या बॅगेतल्या ७०-२००वर करून बघितला आणि तो गप्प झाला. २०० भागिले २.८ म्हणजे ७१ मिलिमीटर.

“म्हणजे सेव्हन्टी-टू-हंड्रेडनं पण तेवढंच?”

“मागचं दृश्य खूप लांब असेल तर तेवढंच. पन्हाळ्याच्या तटावरून खालची दरी, रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरचे दिवे, अशा ठिकाणी तुझ्याकडे ही धूसरता आधीपासून आहे. मागे सरक आणि २००ला काढ.”

इथे थांबले असते तर हे प्रकरण एका भागाकारात मिटलं असतं. पण ‘खूप लांब असेल तर’ ही अट मोठी आहे. लग्नाच्या कार्यालयात मागची भिंत लांब नसते. नवरा-नवरी पूर्ण उंचीचे घ्यायचे तर ८५ने पाच मीटरवर उभं राहून होतं. २००ने त्याच चौकटीसाठी जवळजवळ बारा मीटर मागे जावं लागतं. कार्यालयात बारा मीटर मोकळे मिळत नाहीत. मिळाले तर मधून आहेर घेऊन कुणीतरी जातंच. समजा मिळाले, आणि गर्दी जोडप्याच्या मागे दहा मीटरवर आहे. मघाच्या ७१ला मागच्या अंतराने गुणायचं आणि कॅमेऱ्यापासून मागच्या गर्दीपर्यंतच्या एकूण अंतराने भागायचं. ८५ एफ/१.२चा ठिपका ४७ मिलिमीटरचा येतो, २०० एफ/२.८चा ३२चा, आणि त्याच्या हातातल्या ८५ एफ/१.८चा ३१चा. म्हणजे जागा अपुरी आणि पार्श्वभूमी जवळ, अशा ठिकाणी मोठ्या लेन्सला त्याच्याकडे खरोखर पर्याय नव्हता. मोबाइलवरचे ते दोन फोटो नेमके असेच होते.

महाग लेन्सची किंमत फक्त या ठिपक्याची नसते, हेही सांगायला हवं. भोक जेवढं मोठं तेवढी काचेच्या कडेने येणारी किरणं आवरणं अवघड. मोत्याच्या चकाकीभोवती जांभळी किंवा हिरवी कड येते, जरीच्या टोकांवर रंग सांडतो. एफ/१.२ला हे आवरण्यासाठी १० गटांत १५ काचा बसवल्या आहेत, एफ/१.८मध्ये ८ गटांत १२. पैसे तिथे गेलेले असतात. फक्त ते आपल्या कामात दिसतात का, हे कागदावर कळत नाही.

दोन दिवस भाड्याने

पुण्यातून लेन्स दोन दिवस भाड्याने घेतली, दिवसाला २,५०० रुपये, डिपॉझिट वेगळं. मी मुद्दाम त्याच्याबरोबर कोल्हापूरला गेले. पहिल्या दिवशी पहाटे तालीम, संध्याकाळी रंकाळा. दुसऱ्या दिवशी लग्न.

रंकाळ्याबद्दल फार लिहीत नाही. गणिताने सांगितलं होतं तसंच झालं. दिव्यांचे गोळे एफ/१.२ने मोठे आले, चौकटीच्या कडेला ते मांजराच्या डोळ्यासारखे लांबट झाले. ७०-२००नेही काढून बघितले. घरी येऊन दोन्ही मोबाइलच्या पडद्यावर ठेवले तेव्हा माझ्या मावशीने ७०-२००चा निवडला, कारण त्यात पाणी जास्त दिसत होतं.

लग्नाचा दिवस मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे.

नवरी तयार होऊन खिडकीशी बसली होती. हिरवा शालू, मुंडावळ्या, गळ्यात कोल्हापुरी साज आणि ठुशी, नाकात मोत्यांची चांगली मोठी नथ. भावाने एफ/१.२ लावून दोन मीटरवरून डोक्यापासून छातीपर्यंतचा फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सुंदर दिसला. डोळा लख्ख, मागची खोली लोण्यासारखी. त्याने तो लगेच नवरीच्या आईला दाखवला. त्या बाईंनी स्क्रीन जवळ घेतली, बघितली, आणि म्हणाल्या, “छान आहे हो. पण नथ अशी पुसट का दिसते? सासूबाईंची आहे ती.”

मी नंतर मोजपट्टी काढून मोजलं. त्या नथीचे पुढचे मोती डोळ्यांच्या पातळीपेक्षा सुमारे ३ सेंटिमीटर पुढे येत होते. भावाच्या कॅमेऱ्यासारख्या फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यांसाठी प्रचलित हिशेबाने ८५ मिलिमीटरच्या लेन्सला दोन मीटरवर एफ/१.२ला एकूण ३.८ सेंटिमीटर एवढीच पट्टी स्पष्ट मिळते. तिचा निम्मा भाग डोळ्याच्या पुढे, म्हणजे १.९ सेंटिमीटर. नथ त्याच्या बाहेर. एफ/१.८ला पट्टी ५.७ सेंटिमीटर होते, नथ जेमतेम काठावर. एफ/२.८ला ८.९ सेंटिमीटर, तेव्हा कुठे नथ, डोळा आणि मुंडावळीचा मणी एका फोटोत नीट येतात. अजून जवळ गेलात, दीड मीटरवर, तर एफ/१.२ची पट्टी दोन सेंटिमीटरच्या आसपास उरते. नवरी बोलताना, हसताना मान तेवढी हलतेच.

हार्ड डिस्कवरचे बहुतेक फोटो एफ/२.२ आणि एफ/४च्या मध्ये का होते, याचं उत्तर हे आहे. मराठी लग्नातल्या नवरीचा चेहरा नुसता चेहरा नसतो. नथ, बुगड्या, मुंडावळ्या, चंद्रकोर हे सगळं त्या घराने जपलेलं, कधी आजीकडून आलेलं असतं आणि ते दिसावं म्हणून लोक आपल्याला बोलावतात. जिथे गाऊन आणि डोक्यावर जाळीदार ओढणी असते तिथल्या लग्नांचे नमुने बघून आपण लेन्स ठरवतो आणि मग आपल्याच दागिन्यांशी आपलं भांडण होतं. हे मला मनापासून वाटतं, आणि शिकवताना मी ते प्रत्येकाला सांगते.

एफ/२.८वर दोन्ही लेन्सचे तोच पोज, तोच प्रकाश असे फोटो आम्ही १२ बाय १८ इंचांच्या कागदावर छापून घेतले. झेड ६ टूचा सेन्सर साडेचोवीस मेगापिक्सेलचा, त्यामुळे त्या आकारात छपाईला ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) वर मिळतं, कमी पडत नाही. मागे पेन्सिलीने खूण केली आणि अल्बम छापणाऱ्या लॅबमधल्या माणसाला, माझ्या मावशीला आणि भावाच्या हाताखालच्या मुलाला दाखवले. तिघांनाही कोणता कुठला ते सांगता आलं नाही. मला भिंग लावून नथीच्या मोत्यांवर थोडा फरक दिसला. एफ/१.२ लेन्सचा मोती जरा जास्त स्वच्छ होता, कडेला रंग नव्हता. इन्स्टाग्रामवर १,०८० पिक्सेल रुंदीत तो फरक उरणारच नाही.

पण त्याच लग्नात दुपारी जे झालं तेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. अक्षता पडल्यावर नवरीची आजी मंडपाच्या कडेला एकटीच उभी होती, काठी टेकून, नऊवारीत. मागे चार-पाच मीटरवर जेवणाच्या रांगा, प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, एलईडीची भिंत, सगळा गोंधळ. भावाने पाच मीटरवरून एफ/१.२ला उभा फोटो घेतला. त्या अंतरावर स्पष्टतेची पट्टी २४ सेंटिमीटरची होते, म्हणजे म्हातारी डोक्यापासून पायापर्यंत नीट, काठीसकट. आणि तो सगळा लाल-निळा गोंधळ मागे नुसता रंग होऊन गेला. तोच फोटो एफ/१.८ने लगेच घेतला. त्यात खुर्च्या खुर्च्याच राहिल्या. हा फरक दाखवायला भिंग लागलं नाही. मावशीनेही न सांगता पहिला उचलला.

आणि वजन. बॉडी धरून एफ/१.२ १,८६५ ग्रॅम भरते, एफ/१.८ १,१७५. सकाळी हळद, दुपारी लग्न, रात्री वरात. संध्याकाळी सातला भावाने आपणहून लेन्स बदलली.

तालीम

तालमीत जायचं खरं तर ठरलेलं नव्हतं. पहाटे वेळ होता आणि भाडं चालू होतं, म्हणून एका जुन्या तालमीत गेलो. भाऊ लहानपणी तिथे जोर-बैठका मारायला जायचा, म्हणून वस्तादांनी आत घेतलं. फ्लॅश मारायचा नाही, एवढीच त्यांची अट.

आत लाल मातीचा हौदा, दोन उंच झरोके, बाकी अंधार. एफ/१.८ला १/२५०च्या शटरवर कॅमेरा आयएसओ ६४०० मागत होता. एफ/१.२ला तोच फोटो २८००च्या आसपास आला. अंधारातल्या त्वचेवर, तेल आणि माती माखलेल्या खांद्यांवर हा फरक स्वच्छ दिसतो. सावलीतले रंग टिकतात, मातीचा लाल तपकिरी होत नाही.

वस्ताद हौद्याच्या काठावर बसले होते. सत्तरीचे, कुस्तीने मोडलेले कान. भावाने समोरून फोटो घेतला आणि कान विरघळून गेले. पैलवानाचे कानच गेले तर मग काय राहिलं? त्याने तो फोटो बघितला, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, “वस्ताद, जरा झरोक्याकडं बघा की.” त्यांनी मान वळवली. आता डोळा आणि कान कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आले. ३.८ सेंटिमीटरच्या पट्टीत दोन्ही बसले, आणि मागचा हौदा, त्यात झुंजणारी दोन पोरं, लाल धुक्यासारखी झाली.

मी कितीतरी वर्षं पोर्ट्रेट काढते आहे. त्या फोटोपुढे मी बराच वेळ बसून होते. ही लेन्स नसती तर तो फोटो झाला नसता, आणि लेन्स असून मान वळवायचं सुचलं नसतं तरी झाला नसता.

पैसे

आता हिशेब. ४० हजार रोख, २ लाखांचं कर्ज, १४ टक्के, १८ महिने. हप्ता साधारण १२,४०० रुपये, एकूण व्याज २३ हजारांच्या घरात. तीन वर्षांनी लेन्स विकली तर दीड लाख येतील असं आम्ही धरलं. जुन्या लेन्स घेणाऱ्या-विकणाऱ्यांशी बोलून धरलेला आकडा आहे, बिल, वॉरंटी कार्ड आणि खोका जपला तरच. म्हणजे घसारा ९० हजार अधिक व्याज २३ हजार, तीन वर्षांचा खर्च १ लाख १३ हजार. वर्षाला साडेसदतीस हजारांच्या थोडं वर. भाडं दिवसाला अडीच हजार. भागाकार केला की १५ येतात. वर्षात पंधरापेक्षा जास्त दिवस लागणार असेल तर विकत घ्या, कमी लागणार असेल तर भाड्याने आणा.

त्याचे दिवस किती होते? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते नऊ.

यात एक खाचखळगा आहे. किमतीत १८ टक्के जीएसटी आहे, २ लाख ४० हजारांत सुमारे ३६,६०० रुपये. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओला हा कर पुढच्या करातून वजा करून मिळतो. भावाची उलाढाल २० लाखांच्या आत, नोंदणी नाही, त्यामुळे त्याला पूर्ण रक्कम अंगावर घ्यायची होती. नोंदणी असलेल्याने हा हिशेब वेगळा मांडावा. तसंच बिलाशिवाय ‘बाहेरून आलेली’ लेन्स स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. दुरुस्तीची वेळ आली की वाचलेले पैसे तिथे जातात. आणि कोल्हापूरचा पावसाळा बघता ड्राय कॅबिनेट नसेल, आत ४० ते ५० टक्के आर्द्रता राखली जात नसेल, तर एवढी काच घरात आणूच नये. बुरशी लागलेल्या लेन्सला दीड लाख कोण देणार? त्याच्याकडे कॅबिनेट आहे, हे बरं.

तो म्हणाला, “पण ताई, भाड्याची लेन्स ऐन मुहूर्ताला मिळाली नाही तर?” प्रश्न रास्त आहे. एकाच तारखेला सगळ्या गावात लग्नं असतात आणि भाड्याच्या लेन्स तेव्हाच संपतात. म्हणून मी त्याला मुहूर्ताच्या दिवसांसाठी ही लेन्स धरूच नको म्हटलं. लग्नाच्या दिवशी एफ/१.८ आणि ७०-२००. भाड्याची लेन्स प्री-वेडिंगसाठी, ज्याची तारीख आपण ठरवतो.

दसऱ्याला तो दुकानात गेलाच. २०० वॉट-सेकंदांचा एक फ्लॅश, ट्रिगर आणि १२० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स घेऊन आला. मोबाइलवरचे ते सहा फोटो आठवत असतील. तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्याच कामात त्याने नवरीला ऑक्टाबॉक्सपाशी बसवलं, जुनी एफ/१.८ एफ/२.८ला लावली आणि फोटो मला पाठवला. बुबुळात अष्टकोनी ठिपका, नथीचा प्रत्येक मोती वेगळा. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं: “हे पाहिजे होतं.”

लेन्सचा विषय मात्र आम्ही मिटवलेला नाही. कॅमेऱ्याच्या बॅगेत त्याने एक छोटी वही ठेवली आहे. ज्या दिवशी एफ/१.२ भाड्याने आणली, किंवा नव्हती म्हणून फोटो हुकला, त्या दिवसाची तारीख आणि एका ओळीत कारण. फेब्रुवारीअखेर वहीत अकरा तारखा झाल्या आहेत. प्री-वेडिंगच्या चार, कार्यालयातली एक. बाकीच्या सहा तालमीतल्या आहेत. वस्तादांचा तो फोटो मोठा करून त्याने तालमीत नेऊन दिला, तेव्हापासून तिथले बाकीचे जुने पैलवानही त्याला बोलावून घेतात. या कामाचे पैसे कुणी देत नाही, आणि त्याला ते सोडवतही नाही.

वर्ष दसऱ्याला संपेल. तोवर वहीत सोळावी तारीख पडली तर दुकानात मी त्याच्याबरोबर जाणार आहे.